डाल्यातलं खळं

पितृपक्ष सरत आला होता आणि सोयाबीनची शिवारं पिवळी पडून वाळायला लागली होती. सोंगणी तोंडावर आली म्हणून पवनने पिकअप मागे घेत अंगणातल्या निंबाखाली उभी केली. मागचा फाळका पाडला, डाल्यात म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्यात चढला आणि तळाशी अंथरलेला जाड रबरी गालिचा दोन्ही हातांनी ओढला. गालिचा सहज निघाला नाही. खालच्या पत्र्याला तो चिकटून बसला होता. निघाला तेव्हा आंबूस, ओलसर वास वर आला आणि गालिच्याच्या पाठीला तांबूस पापुद्रे लागून आले.

पवनने पेचकसाने पत्रा खरवडायला घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या ओरखड्याला पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो उपसला आणि वाकून भोकातून पाहिले. खाली मातीत कोंबडी दाणे टिपत फिरत होती.

"बाबा, या इकडं."

उकंडराव गुडघ्यांवर हात टेकत ओट्यावरून उठले. त्यांनी भोकात बोट घातले नाही, काठी घातली. काठी आरपार गेली.

"खालून बरा दिसते," पवन म्हणाला. "खालचा रंग बी शाबूत हाये. वरूनच सडला."

"वरून म्हंजे कोनी तरी काही तरी ठेवलं असन. लोखंड का आंबा हाये, बसल्या जागी सडाले?" उकंडरावांनी काठीचे टोक पुसले. "आपल्या पाळीत काय भरलं आपून?"

"दाना. कुटार. पोते."

"मंग," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी काठी टेकडीकडे नुसती वळवली. टेकडीपलीकडे तांडा होता.

पिकअप दोन घरांची होती. अर्धी आसेगावच्या उकंडरावांची, अर्धी तांड्यावरच्या प्रेमसिंगची. एक आठवडा ती निंबाखाली असे, एक आठवडा तांड्याच्या तोंडाशी. सुगीत मात्र पाळी मोडत असे. सकाळी प्रेमसिंगची बायको धनीबाई हिची बायांची टोळी डाल्यात उभी राहून सोंगणीला जाई आणि संध्याकाळी त्याच डाल्यातून दाणा घरी येई. आजवर दोन्ही घरांत गाडीवरून शब्द झाला नव्हता. झाला नव्हता याचे एक कारण असेही होते की, गालिच्याखालचा पत्रा कुणी नीट पाहिला नव्हता.

"धुऊन झालं का रे बापू?" गोठ्याकडून पवनच्या आईने, चतुराबाईंनी विचारले. हातात शेणाची पाटी होती. "झालं तं सांग. मी शेन कालवून ठेवतो."

"थांब माय. गाडी शेलूबाजारले न्यावं लागते आधी."

गावातली खळी मोडली त्याला बरीच वर्षे झाली होती. मळणीयंत्र वावरातच उभे राही आणि दाणा पोत्यात न भरता सरळ डाल्यात पडे. सारवल्या जागेवाचून नवा दाणा टेकवायचा नाही, हे चतुराबाई सासूच्या हाताखाली शिकल्या होत्या. म्हणून गाडी आली त्या वर्षापासून दर सुगीच्या आधी पहाटे त्या डाल्यात उकिडव्या बसून तळ सारवत. त्यांची उजवी करंगळी कधीकाळी विळ्याने कापली होती आणि ती वाकत नसे. सारवताना ती वर उभी राही आणि मागे तीन बोटांचे अर्धगोल उमटत. सुगी संपेपर्यंत डाल्यात कुणी चपला घालून चढायचे नाही, हाही त्यांचाच दंडक. टोळीच्या बाया चपला हातात धरून उभ्या राहत. घरातल्यांना या सगळ्याची सवय होती, जशी बॉनेटवरच्या हळदीकुंकवाची होती.

चतुराबाई जवळ आल्या, भोकाकडे पाहून "अरे बाप्पा" म्हणाल्या आणि पाटी घेऊन परत गेल्या.

*

शेलूबाजारला जाताना प्रेमसिंग पवनच्या शेजारी बसला होता. उंच, काटक माणूस. बोलण्याआधी समोरच्याचा चेहरा पाहून घेण्याची त्याची रीत होती. त्या दिवशी त्याने वाटभर पवनचा चेहरा पाहिला आणि बोलला काहीच नाही. पवननेही रस्त्यावरची नजर काढली नाही.

मोहनसिंगचे गॅरेज हमरस्त्याला लागून होते. त्याने हातोडी घेतली आणि डाल्याच्या एका टोकापासून ठोकत गेला. कडेला पत्रा खणखणला. मध्ये हातोडी नुसतीच थप्प वाजली, जशी ओल्या पोत्यावर वाजावी.

"बदला," तो म्हणाला. "डालाच नवा टाका."

"रंग मारून नाई भागत?"

"भागते ना. ठिगळं मारतो, भोकाइत लांबी भरतो, घासतो, वरून रंग. दसऱ्याले असा चमकन का तुमी त्याच्यात तोंड पाहून भांग पाडसान. पन त्याच्यावर मानसं उभे करसान तं मले इचाराले येऊ नका."

पवनने आधी त्याच्याकडे, मग प्रेमसिंगकडे पाहिले. "तुमी प्रेमसिंगभाऊचे साडू ना?"

"हाव," मोहनसिंग म्हणाला. "त्याच्यानं पत्रा जास्त सडते का?"

प्रेमसिंग हसला नाही. डाल्याच्या कडेवर कोपर टेकून त्याने सावकाश विचारले, "काय भरत व्हते पवन तुमी लोकं?"

"तेच मी तुमाले इचारतो."

"आमी बाया भरतो. बायाइनं पत्रा सडत नाई."

"अन् तुमच्या बकऱ्या?"

रस्त्यावरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. प्रेमसिंगने कडेवरचे कोपर काढले.

"युरिया तुमी आनता," तो म्हणाला. "पोतं एखांदं फुटतच असन."

"आमी ताडपत्री टाकतो खाली."

"मंग आमच्या बकऱ्या बी ताडपत्री नेसूनच चढत असतीन."

मोहनसिंगने हातोडी ठेवून दिली. काय ते ठरवा आणि बाजाराच्या दिवशी गाडी आणा, असे सांगून तो एका ट्रॅक्टरकडे वळला. परत येताना दोघांमधली जागा पवनला वाढल्यासारखी वाटली. साडू बदला म्हणतो, म्हणजे काम साडूला मिळते. पण साडू रंगही मारून देतो म्हणाला. मग त्यात प्रेमसिंगचा फायदा कोणता, हे त्याला घर येईपर्यंत सापडले नाही. न सापडल्याने संशय मात्र कमी झाला नाही.

*

जेवताना उकंडरावांनी आपला विचार सांगितला. वैजयंती, पवनची बायको, चुलीपुढे बसली होती. चतुराबाई ताटांत वाढत होत्या.

"रंगच मारू," उकंडराव म्हणाले. "आपल्या खर्चानं मारू. दसऱ्याले हार घालू अन् गाडी तांड्यावर नेऊन उभी करू. म्हनू, बावा, आमच्याच्यानं आता होत नाई, तूच घे पुरी. आमचा हिस्सा सवडीनं दे."

पवनचा घास हातातच राहिला. "अन् मंग पुढं त्याचा पाय खाली गेला तं?"

"ज्यानं सडवलं त्याचा जाईन."

"त्याचा नाई जानार मामाजी," वैजयंती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "तो समोर बसते. मागं धनीबाईच्या बाया उभ्या राह्यतेत."

"बकऱ्या चढवताना बाया नाई दिसल्या त्याले?"

"बकऱ्या कोनी पाह्यल्या?"

उकंडरावांनी ताटातला हात थांबवला. "पवन, तुह्या बायकोले म्हन, पोया पाह्य. जळून राह्यली."

पोळी जळत नव्हती. वैजयंतीने ती तरीही उलटली आणि पदर तोंडावरून पुढे ओढला.

चतुराबाईंनी वरणाची पळी पातेल्यात टेकवली. "गाडी गेली तं आपला दाना कायच्यात येईन?"

"भाड्याच्या गाडीत."

"भाड्याची गाडी मले सारवू देतीन का?"

"हे पाहा," उकंडराव पवनला म्हणाले, "इथं घर फुटून राह्यलं अन् हिले सारवाचं पडलं."

*

दुसऱ्या दिवशी पवन तांड्यावर गेला. प्रेमसिंग घरी नसेल अशी वेळ त्याने पाहिली होती. गाडी जिथे उभी राहायची त्या जागी तो थांबला आणि जमीन पाहत पुढे सरकला. चाकोऱ्या घरापर्यंत येत होत्या. बकऱ्यांचा कुडाचा वाडा त्यापासून बराच वर, दगडांच्या चढावर होता. तिथवर चाकाची खूण नव्हती. तरीही तो वाड्यापाशी गेला आणि कुडाला हात लावून आत पाहू लागला.

"काय पाहून राह्यला, पवनभाऊ? लेंड्या?"

धनीबाई मागे उभ्या होत्या. डोक्यावर पाण्याची घागर होती आणि तिला हात न लावता त्या सरळ त्याच्याकडे पाहत होत्या.

"नाई, असाच. प्रेमसिंगभाऊ नाई का घरी?"

"त्याले बकऱ्यात शोधून राह्यला का?"

पवनने कुडावरचा हात काढला.

"आमच्या बकऱ्या बाजारले पायी जातेत," धनीबाई म्हणाल्या. "त्याइले पाय हायेत. गाडीत तुमी बायाइले चढवता. अन् तुले लेंड्याचाच वास घ्याचा असन तं आपल्या घरच्या डाल्यात घे. तुह्या मायनं आमच्या चपला काढाले लावल्या. काढल्या. पन घरी आल्यावर आमच्या तळव्याले शेनाचा वास येते, साबन लावला तरी जात नाई. टोळीतली गंगू म्हनते, हे लोकं शेनखत वाहतेत अन् त्याच्यावर आपल्याले उभं करतेत. मी तिले म्हनलं, चूप राह्य, चांगले लोकं हायेत."

"शेनखत आमी बैलबंडीनं नेतो," पवन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला.

"मंग वास कायचा?"

पवन मागे वळला. उतार उतरताना त्याची पावले आपोआप मंदावली. डाल्यातला तो आंबूस वास त्याने स्वतः घेतला होता. लहानपणी सारवलेल्या ओट्यावर पाऊस पडून गेला की असाच वास यायचा.

घरी माय अंगणात सडा टाकत होती. त्याने तिला काही विचारले नाही. विचारले असते तर रंगाची गोष्ट तिथल्या तिथे संपली असती, हे त्याला कळत होते. पण मग बाबांच्या तोंडून मायला काय काय ऐकावे लागेल, तेही तो जाणून होता. त्याने हातपाय धुतले. "रंगच मारायचा का मंग?" एवढे वडिलांना विचारले. ते हो म्हणाले.

*

बाजाराच्या दिवशी उकंडराव स्वतः शेलूबाजारला आले. घटाचे सामान घ्यायचे म्हणून चतुराबाईही बरोबर होत्या. पवनने सकाळीच गाडी गॅरेजला लावली होती आणि मोहनसिंगने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून डाल्याचा तळ घासून काढला होता. बाजूला रंगाचा डबा होता. प्रेमसिंग त्यांच्या आधीच येऊन डाल्याला पाठ लावून उभा होता.

"तू कायले आला?" उकंडरावांनी विचारले. "तुले सांगतलं ना, खर्च आमचा."

"म्हनूनच आलो काका. जो मानूस टायरमधल्या हवेतला बी अर्धा हिस्सा मांगते, तो पुऱ्या डाल्याले आपल्या खर्चानं रंग मारतो म्हनते. मले रातभर झोप नाई आली."

चहाच्या टपरीवरच्या दोघातिघांनी माना वळवल्या.

"झाकाचं तुले हाये, मले नाई," उकंडराव म्हणाले. "बकऱ्या चढवल्या तूनं."

"कोनी पाह्यलं?"

"पाहाले काय लागते? वरून सडला पत्रा. मुतल्याबिगर सडते?"

प्रेमसिंगचे ओठ आवळले. तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "माह्या घरच्या बाया तुमच्या गाडीत चपला हातात घेऊन उभ्या राह्यल्या. घरी येऊन पाय धुतले तं शेनाचा वास. मी बोललो का? खत कोन वाहते हे मी इचारलं का?"

"खत?" उकंडराव म्हणाले. "शेनखत? डाल्यात?" त्यांनी पवनकडे पाहिले. पवन रंगाच्या डब्यावरचे झाकण पाहत होता.

चतुराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या, फाळक्याला धरून पाय वर टाकला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या डाल्यात चढल्या.

घासलेला पत्रा राखाडी, उघडा दिसत होता. त्यावर केबिनच्या बाजूपासून फाळक्यापर्यंत काळसर खड्ड्यांच्या ओळी होत्या. नीट पाहिल्याशिवाय त्या दिसत नव्हत्या. एकदा दिसल्यावर मात्र त्यांच्याशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. अर्धगोलाला लागून अर्धगोल, प्रत्येकात तीन रेघा. एक ओळ संपली की दुसरी तिच्या पोटाशी सुरू होत होती.

चतुराबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी उजवा हात पत्र्यावर टेकवला. करंगळी वर उभी राहिली. बाकीची तीन बोटे रेघांवर बसली आणि हात कोपरापासून वळवत त्यांनी शेवटपर्यंत नेला. रेघ हातासोबत संपली.

"हे माहं हाये," त्या म्हणाल्या.

"काय तुहं?" उकंडरावांनी विचारले.

"हे सारवन. गाडी आली तवापासून दर सुगीले सारवतो. वल्यावर कोंबड्या पाय देतेत म्हनून लगेच गालिचा टाकतो वरून, सोंगनी लागली का काढतो." त्यांनी तळहात पाहिला, लुगड्याला पुसला. "जमीन सारवली का घट्ट व्हते. मले वाटलं लोखंड बी व्हत असन."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई तू?"

"तुमी बकऱ्या म्हनत व्हते. शेनाचं मले कोनी इचारलं?"

टपरीवरचा एक जण हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसले. चतुराबाई उठायला गेल्या, पण गुडघ्याने साथ दिली नाही. त्या तशाच बसून राहिल्या, सगळ्यांच्या नजरेच्या उंचीवर, आपणच केलेल्या भोकांच्या मध्ये. पवन पुढे झाला आणि त्याने हात दिला. "मले परवाच समजलं व्हतं माय," तो हलकेच म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्याचा हात न धरता फाळक्याची साखळी धरली आणि खाली उतरल्या.

प्रेमसिंग अजून रेघाच पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते. ते अर्ध्यावर थांबले.

"काका," तो म्हणाला, "एक सांगा. डाला सडला हे तुमाले माहीत व्हतं. मंग हा रंग कोनासाठी व्हता?"

उकंडरावांनी काठी दोन्ही हातांत धरली. ते रस्त्याकडे पाहत राहिले. मालाने भरलेला एक ट्रक गेला, त्यामागे धूळ उठली आणि खाली बसली.

"तुह्यासाठी," ते म्हणाले.

प्रेमसिंगने मान हलवली, जणू तेवढेच त्याला ऐकायचे होते. मोहनसिंगने रंगाचा डबा उचलून आत नेऊन ठेवला.

"नवा टाक," उकंडराव त्याला म्हणाले.

"पत्रा मी पाहून घेईन," प्रेमसिंग म्हणाला. "माह्या समोर वेल्डिंग व्हईन."

"पाह्य," उकंडराव म्हणाले.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोंगणी उकंडरावांच्याच वावरात होती. सोयाबीन आणखी थांबले असते तर शेंगा फुटल्या असत्या, म्हणून नव्या डाल्याला रंग देणे राहूनच गेले होते. वेल्डिंगचे डाग निळसर उठून दिसत होते आणि गालिचाही टाकलेला नव्हता. पवन उजाडता उजाडता तांड्याच्या तोंडाशी गाडी घेऊन आला. आपट्याच्या पानांचे सोने द्यायचे म्हणून चतुराबाई त्याच्या शेजारी बसून आल्या होत्या. बाजारापासून त्या त्याच्याशी कामापुरतेच बोलत होत्या.

धनीबाईंनी पाने घेतली. कपाळाला लावली. "सोन्यासारखे राह्या काकी," म्हणाल्या. मग त्या गाडीच्या मागे गेल्या. टोळी त्यांच्या भोवती उभी राहिली, प्रत्येकीच्या कमरेला विळा, हातात भाकरीचे गाठोडे. चढले कुणीच नाही.

धनीबाईंनी डाल्याच्या तळावर आधी तळहात आपटला. मग विळ्याच्या मुठीने कडेला, मध्ये, कोपऱ्यात ठोकून पाहिले.

"नवा हाये म्हनतेत," त्या म्हणाल्या.

"नवाच हाये," चतुराबाई म्हणाल्या.

"जुना बी वरून बराच दिसे."

मागे उभी असलेली गंगू शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"काकी, तुमी चढा पयले," धनीबाई म्हणाल्या.

"धनीबाई, माय मजुरीले थोडीच..." पवनने सुरुवात केली.

"तू गाडी चालव," चतुराबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या, जोडून फाळक्याच्या कडेला ठेवल्या आणि दोन्ही हातांवर जोर देऊन वर चढल्या. डाल्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. बायांची नजर त्यांच्या पायांवर होती.

"नाचा काकी," गंगू म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

त्या नाचल्या नाहीत. खळे करताना माती चोपायला जसा एकेका पायावर भार द्यायचा, तसा त्यांनी आधी उजव्या आणि मग डाव्या पायावर दिला. पुढे सरकल्या, पुन्हा दिला. पत्रा पहाटेच्या गारव्याने थंडगार होता. तळवे आखडत होते. केबिनपासून फाळक्यापर्यंत त्या संबंध डाला तशाच चालून आल्या. पत्रा वाकला नाही. मग त्यांनी खाली हात केला.

धनीबाईंनी त्या हाताकडे, उभ्या राहिलेल्या करंगळीकडे क्षणभर पाहिले. मनगट धरले आणि वर आल्या. चपला त्यांनी काढल्या नाहीत.

चतुराबाईंनी ते पाहिले, आणि कडेला सरकून त्यांना मध्ये जागा दिली.